द्रावणाला एक नंबर, फिल्मला नखरे: डबल बीम यूव्ही-व्हिसचा दोन सेमिस्टरचा अनुभव

आमच्या लॅबमधलं मशीन, म्हणजे नमुना कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर, १९० ते ११०० नॅनोमीटरचं, डिटेक्टर सिलिकॉन फोटोडायोडचा. डबल बीम म्हणजे एक किरण नमुन्यातून जातो, दुसरा तुलनेसाठी ठेवलेल्या रेफरन्समधून. काम एकच: पीएमएमए या पारदर्शक प्लास्टिकमध्ये रोडामाइन ६जी हा रंग मिसळून काचेच्या स्लाइडवर स्पिन कोट केलेल्या (स्लाइड गरगर फिरवून पातळ थर दिलेल्या) फिल्म मोजायच्या.

क्युव्हेटमधल्या (नमुन्याच्या छोट्या पारदर्शक भांड्यातल्या) द्रावणाबाबत नाव ठेवायला जागा नाही. बेसलाइन घेतली, स्कॅन लावला की ५३० च्या आसपासचं शिखर हजर. कस लागतो तो फिल्म लावल्यावर. हिशेबच करून बघा ना. रोडामाइनचा मोलर शोषणांक (ठरावीक प्रमाणातला रंग किती प्रकाश शोषतो तो आकडा) लाखाच्या वर आहे, तरी लिटरला एक मिलिमोल रंग आणि एक मायक्रॉन जाडी धरली तर अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला त्याचं माप) येतो जेमतेम ०.०१. स्लाइड जरा तिरकी बसली तरी एवढा फरक पडतो! आणि सोबत आलेल्या फिल्म होल्डरची स्प्रिंग काही महिन्यांतच ढिली पडली. शेवटी वर्कशॉपमधून अ‍ॅल्युमिनियमचे दोन सारखे होल्डर करून घेतले. रेफरन्सच्या बाजूला रंग न घातलेली, तेवढ्याच जाडीची पीएमएमए फिल्म लावतो. तेव्हा कुठे रेषा जागेवर आली.

रंग वाढवून सिग्नल वाढवावा, तर ५०० च्या आसपास खांदा वर येतो. रेणू जोडीने बसायला लागले की असं होतं, मग बिअर-लँबर्ट, म्हणजे रंग जितका जास्त तितकं त्याच प्रमाणात शोषण हा नियम, विसरा. त्यात फिल्म शोषलेला प्रकाश परत सोडून स्वतःही चमकते. मोनोक्रोमेटर (हवी ती तरंगलांबी निवडणारा भाग) नमुन्याच्या आधी असल्याने ती चमक थेट डिटेक्टरवर जाते आणि शिखर आहे त्याहून बुटकं दिसतं. फिल्म डिटेक्टरपासून जमेल तितकी लांब लावली की हा त्रास कमी होतो.

फिल्मच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित प्रकाश एकमेकांत मिसळला की स्कॅनच्या रेषेत लहरी उमटतात; सॉफ्टवेअरमध्ये त्यांवरून जाडी काढायची सोय आहे. ब्रोशरमध्ये छान दिसते, आमच्या कामाची नाही. पीएमएमएचा अपवर्तनांक १.४९, काचेचा १.५२ च्या घरात. एवढ्याशा फरकात लहरी उमटणार कुठून? जाडी प्रोफायलोमीटरवरच (पृष्ठभागाचा चढउतार मोजणाऱ्या यंत्रावर) घेतो.

अतिनील भागासाठीचा ड्युटेरियमचा दिवा महाग आहे. साधी काच ३०० च्या खाली काही जाऊ देत नाही, त्यामुळे दृश्य भागापुरतं काम असेल तर तो सेटिंगमधून बंदच ठेवा.

घ्यायचा विचार असेल तर डेमोच्या दिवशी विक्रेत्याच्या द्रावणावर समाधान मानू नका. आपली फिल्म न्या, स्कॅन घ्या, काढा, परत लावा, परत स्कॅन घ्या. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तरच ऑर्डर द्या.