अंगणासाठी वाळू: ब्रासने घ्यावी की काट्यावर?

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले की मिस्त्री सांगतो, "एक ब्रास टाकून घ्या." आधी स्वतः हिशेब करा. 20 बाय 15 फुटांचं अंगण म्हणजे 300 चौरस फूट. ब्लॉकखाली ठोकून दीड इंच थर हवा असेल तर 300 गुणिले 1.5 भागिले 12, म्हणजे 37.5 घनफूट. सैल वाळू ठोकल्यावर बसते, म्हणून 20 टक्के वाढवा: 45. सांधे भरायला आणि सांडलवंडीला आणखी 5. एकूण 50 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे तुमचं काम अर्ध्या ब्रासात होतं.

खरी फसगत पुढे होते, मोजून घेताना.

ब्रास हे घनफळाचं माप आहे आणि ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि चार-सहा टक्के ओलाव्यालाच बारीक वाळूचं घनफळ 25 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. अशी 50 घनफूट वाळू उतरवून घेतली तर हाती पडते सुक्या मापाने 40च. काट्यावर हाच ओलावा फारसा नडत नाही. सुकी वाळू घनफुटाला साधारण 45 किलो भरते, म्हणजे अर्धा ब्रास सुमारे सव्वादोन टन. त्यात 5 टक्के पाणी असलं तर शंभर-सव्वाशे किलोंचा फरक. ब्रासने मोजताना मात्र साडेचारशे किलो कमी पडले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वाळू ओलसर असेल तर वजनकाट्याची पावती मागा. कोरडी असेल तर ब्रास चालेल, पण गाडी रिकामी व्हायच्या आत मोजा. हौद्याची आतली लांबी-रुंदी टेपने घ्या, वाळू सपाट करायला लावा आणि चार-पाच ठिकाणी सळई खुपसून खोली बघा. वरची शीग डोळ्यांना खूप वाटते, तिच्यावर जाऊ नका. "ट्रॉली म्हणजे ब्रास" हेही गृहीत धरू नका, प्रत्येक ट्रॉलीचा हौदा वेगळा असतो.

वाळू किती फुगली आहे हे घरीच कळतं. सरळ कडांच्या काचेच्या बरणीत ती 20 सेंटिमीटरपर्यंत सैल भरा, पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. पातळी 16 वर आली तर फुगवटा 4 भागिले 16, म्हणजे 25 टक्के. ब्रासनेच घ्यायची असेल तर मागणी तेवढी वाढवा किंवा भाव तेवढा कमी करून घ्या.

गच्चीवरची बाग किंवा अरुंद गल्लीतलं घर असेल तर गोणी बरी. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट मावते, म्हणजे अर्ध्या ब्रासाला 40 गोण्या. दर महाग पडतो, पण दहा-बारा गोण्यांचं काम असेल तर गाडी मागवण्यात अर्थ नाही.

आता नदीची की क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू? पेव्हरखाली मी क्रश सँडच घेईन, धुतलेली. तिचे कण कोनदार असल्याने एकमेकांत अडकतात आणि ब्लॉक सरकत नाहीत. पावसाळ्यात नदीपात्रातला उपसा बंद असतो, तेव्हाही खडी क्रशरवर ती मिळते. मात्र भुकटीकडे लक्ष हवं. काँक्रीटसाठीचं आयएस 383 हे मानक नदीच्या वाळूत 75 मायक्रॉनखालची भुकटी 3 टक्केच चालवून घेतं, दगड फोडून केलेल्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत. पेव्हरखाली इतकी भुकटी पाणी धरून ठेवते आणि थर खचतो. मुठीत दाबून सोडल्यावर तळहाताला राखाडी लगदा चिकटला तर ती गाडी परत पाठवा.

लॉनसाठी निवड उलटी. मातीत मिसळायला नदीची जाडसर वाळूच घ्या, वाहतूक परवान्याची पावती बघून. भुकटीची क्रश सँड काळ्या मातीत गेली की पाणी मुरायचं थांबतं आणि हरळीची मुळं गुदमरतात. समुद्राची वाळू तर कोकणातल्या घरांनीही बागेत आणू नये. तिच्यातल्या मिठाने हिरवळ करपते.