उबंटू २४.०४ आणि ‘एशिया/कलकत्ता’: सर्व्हरचा टाइम झोन सांभाळण्याचा काही महिन्यांचा अनुभव

उबंटू या लिनक्स सिस्टीमच्या २०.०४ आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, तेव्हा आमच्याकडचे जुने सर्व्हर २४.०४ वर नेले. जुन्यावर नवं चढवण्यापेक्षा कोऱ्या मशीन उभ्या करून डेटा हलवला. क्लायंट सगळे नागपुरातले: कळमन्याचा अडत्या, वाडीचा ट्रान्सपोर्टवाला, एक पतसंस्था, आणखी असेच काही. सगळ्यांचं घड्याळ एकच, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि उन्हाळी वेळेची भानगड आपल्याकडे नाहीच. टाइम झोन हे पाच मिनिटांचं काम असायला हवं होतं. तसं झालं नाही, म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू.

आधी आवडलेलं सांगतो. टाइमडेटसीटीएल ही कमांड उत्तम आहे. झोन बघायचा असो की बदलायचा, एका ओळीत काम होतं, आणि हार्डवेअरचं घड्याळ कशावर आहे, नेटवर्कवरून वेळ जुळतेय की नाही, तेही तिथेच दिसतं. जुन्या डेबियन-उबंटूत (डेबियन ही उबंटूची मूळ लिनक्स सिस्टीम) झोन दोन ठिकाणी लिहिलेला असायचा. इटीसी फोल्डरमधल्या टाइमझोन फाइलीत नुसतं नाव, आणि शेजारच्या लोकलटाइममध्ये खरे नियम. कुणी घाईत एकच बदललं की पुढच्या पॅकेज अपडेटला दुसरं डोकं वर काढायचं. आता लोकलटाइमची लिंक जिकडे बोट दाखवेल तो झोन, विषय संपला. फक्त ती लिंकच आहे ना, हे एकदा बघून घ्या. आधीच्या व्हेंडरकडून आलेल्या एका मशीनवर लिंकऐवजी फाइलची कॉपी ठेवलेली निघाली. अशा कॉपीपर्यंत कुठलंच अपडेट पोचत नाही. भारताचे नियम बदलत नाहीत म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं, एवढंच.

नियम बदलतात ते इतरांचे. टीझेडडेटा हे पॅकेज म्हणजे जगभरच्या घड्याळांचं पंचांग समजा. ते वर्षातून काही वेळा निघतं, आणि आवृत्तीचं नाव म्हणजे वर्ष आणि पुढे एक अक्षर. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश पाच तास पुढच्या एकाच झोनमध्ये आणला, पॅराग्वेने २०२४ मध्ये उन्हाळी वेळ कायमची करून टाकली. लेबनॉनने तर मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे करणं ऐनवेळी लांबवलं आणि काही दिवसांत निर्णय फिरवला. त्यापायी २०२३बी आणि लगोलग २०२३सी अशा दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या. कळमन्याला यातलं काही लागत नाही. तरी हे पॅकेज अडवून ठेवू नका. अपडेट आपसूक येऊ द्या.

आता दुखणं. वाडीच्या ऑफिसात बिल्टी फाडायचा प्रोग्रॅम जावात लिहिलेला आहे आणि विंडोजच्या पीसीवर चालतो. डेटाबेस आमच्या सर्व्हरवर, पोस्टग्रेएसक्यूएल. नवा सर्व्हर लावला त्या सकाळी प्रोग्रॅम उघडेना. पासवर्ड, फायरवॉल, इंटरनेट, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलं होतं: ‘फेटल: इनव्हॅलिड व्हॅल्यू फॉर पॅरामीटर टाइमझोन: एशिया/कलकत्ता’.

झालं होतं असं. विंडोज आपल्या झोनला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणतं. जावा त्याचं रूपांतर ‘एशिया/कलकत्ता’ असं करतं, म्हणजे आताच्या ‘एशिया/कोलकाता’चं जुनं नाव. पोस्टग्रेचा जावा ड्रायव्हर जोडणी करतानाच हे नाव सर्व्हरला कळवतो. सर्व्हर ते नाव सिस्टीमच्या झोनच्या यादीत शोधतो, आणि २४.०४ च्या कोऱ्या मशीनवर ते नाव त्या यादीत नाहीच. जुनी नावं टीझेडडेटामधून काढून टीझेडडेटा-लेगसी नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये हलवली आहेत, आणि ते आपोआप बसत नाही. रिलीज नोट्समध्ये हे लिहिलंय, एसक्यूएल डेटाबेस असेल तर लेगसी लागू शकेल अशी सूचनाही आहे. पण रिलीज नोट्स तिथपर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या सीताबर्डीत शोधून दाखवा.

शहराचं नाव अधिकृतपणे कोलकाता झालं २००१ मध्ये, झोनच्या यादीत ते आलं २००८ मध्ये. तिकडे युनिकोडवाल्यांचं (अक्षरं-भाषांची मानकं ठरवणारी संस्था) धोरण असं की एकदा दिलेली ओळख बदलायची नाही, त्यामुळे त्यांच्या तक्त्यांत कलकत्ताच राहिलं. ते तक्ते वापरणारे प्रोग्रॅम तेच नाव पाठवतात. क्रोम ब्राउझरकडूनही कितीतरी वर्षं तेच येत आलंय. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, मधल्या मधे भरडला जातो वाडीचा बिल्टीवाला. माझं मत विचाराल तर जुनी अमेरिकन नावं बाजूला काढली ते ठीक, पण जे नाव भारतातल्या असंख्य विंडोज मशीन आजही पाठवतात ते ‘लेगसी’ कसं? वाचवलं काय, तर एक लिंक. पोस्टग्रेची डॉकर इमेज (कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवायचा तयार साचा) डेबियन १३ वर गेल्यावर हीच चूक उबंटूला कधी हात न लावलेल्यांनाही दिसायला लागली.

उपाय दोन. सर्व्हरवर टीझेडडेटा-लेगसी टाका, नाहीतर प्रत्येक पीसीवर जावा सुरू करताना युझर-टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता द्या. दुसरा उपाय जास्त शुद्ध, पण त्यासाठी प्रत्येक पीसीपाशी जावं लागतं. पहिल्याला एक ओळ पुरते. गंमत म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा झोन कलकत्ता ठेवलेला असेल तर पॅकेज अपडेट होताना तो न विचारता कोलकाता करून देतं. बाहेरून येणाऱ्या नावाला मात्र ही सवलत नाही.

दुसरा मुद्दा यूटीसीचा. क्लाउडची मशीन बहुधा यूटीसीवरच मिळते, आणि ‘सर्व्हर नेहमी यूटीसीवर ठेवा’ हे जो तो सांगतो. मला ते अर्धंच पटतं. कळमन्यात संत्र्याच्या गाड्या पहाटे लागतात. प्रोग्रॅम तारीख थेट सिस्टीमकडून घेत असेल, तर पहाटे साडेपाचच्या आतली प्रत्येक नोंद कालच्या तारखेत पडते. मुनीमजींचा फोन येतो, “काहून जी, आजचा माल कालच्या खात्यात कसा गेला?” आणि १ एप्रिलच्या पहाटे चारची पावती म्हणजे यूटीसीत ३१ मार्चचे रात्रीचे साडेदहा. पावती सरळ मागच्या आर्थिक वर्षात. प्रोग्रॅम नीट लिहिलेला असेल तर यूटीसी ठेवा. जुना, कुणाचा तरी लिहिलेला, सोर्स नसलेला असेल तर मुकाट्याने कोलकाता लावा आणि झोपा.

ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचंही तेच. रात्री दोनचा बॅकअप यूटीसीच्या मशीनवर सकाळी साडेसातला सुरू होतो. डेबियन-उबंटूच्या क्रॉनमध्ये वरती टीझेड (झोन सांगणारा व्हेरिएबल) लिहून फायदा नाही. ते आतल्या कमांडला लागू होतं, कधी चालवायचं ते सिस्टीमच्या झोनवरच ठरतं. इथे सिस्टमडीचे (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) टायमर खरंच कामाला आले. ऑनकॅलेंडरच्या ओळीत वेळेपुढे एशिया/कोलकाता लिहिलं की मशीन कुठल्याही झोनवर असो, बॅकअप आपल्या रात्री दोनलाच. मी सगळे बॅकअप तिकडे हलवलेत.

कंटेनरवाल्यांसाठी एक खूण. उबंटूच्या मूळ इमेजमध्ये टीझेडडेटा नसतं. टीझेडमध्ये एशिया/कोलकाता दिलं तरी कुठलीही तक्रार न करता वेळ यूटीसीचीच दिसते. आत जाऊन डेट कमांड द्या आणि वेळेच्या पुढचा शब्द बघा. तिथे ‘आयएसटी’ऐवजी नुसतं ‘एशिया’ छापलं असेल तर झोन सापडलेला नाही. पॅकेज टाकायचं नसेल तर ‘आयएसटी-५:३०’ असं लिहूनही भागतं. उणे चिन्ह बरोबर आहे, त्या पद्धतीत उलटंच लिहितात.

पण ‘भारत म्हणजे कायम साडेपाच’ हे सगळीकडे धरून चालू नका. दुसऱ्या महायुद्धात आपली घड्याळं एक तास पुढे होती, सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ सलग. झोनच्या डेटाबेसमध्ये ते नोंदलेलं आहे. पतसंस्थेच्या एका ज्येष्ठ सभासदाची जन्मतारीख १५ ऑगस्ट १९४३. एका प्रोग्रॅमने ती कोलकाता झोन धरून मध्यरात्र म्हणून साठवली, दुसऱ्याने ठोक साडेपाच तास मिळवून दाखवली, आणि पासबुकावर आली १४ ऑगस्ट. तासाचा फरक, पण तारीखच मागे गेली. जन्मतारीख ही नुसती तारीख म्हणून साठवायची, तिला वेळ चिकटवायचीच नाही, हा त्यावरचा खरा इलाज. तो डेटाबेस बनवणाऱ्याच्या हातात असतो.

मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर त्याचे झोनचे तक्ते स्वतंत्र असतात. ते एकदा भरावे लागतात, आणि सिस्टीमचं पॅकेज अपडेट झालं म्हणून ते बदलत नाहीत. भरलेच नसतील तर नावाने केलेलं रूपांतर नल (म्हणजे रिकामं उत्तर) परत देतं. जावाचंही स्वतःचं वेगळं. म्हणून झोन बदलला किंवा मोठं अपडेट आलं की मी क्रॉन, डेटाबेस आणि जावाच्या सर्व्हिस रीस्टार्ट करतो. चालू असलेले प्रोग्रॅम बऱ्याचदा सुरू होतानाचाच झोन धरून बसतात.

सध्या सगळं शांत आहे. लेगसी पॅकेज वाडीच्या सर्व्हरवर आहे आणि बिल्टीचा प्रोग्रॅम बदलेपर्यंत राहील. बाकीच्या मशीनवर ते मुद्दाम टाकलेलं नाही, म्हणजे कुणी जुनं नाव पाठवलं की लॉगमध्ये लगेच कळतं.