दुबई की थायलंड? दिव्यांग खेळाडूंचं परदेशातलं शिबिर ठरवताना

आमच्या नाशिकच्या गटात परदेशी शिबिराची चर्चा फिरून फिरून दुबई आणि थायलंड या दोन नावांवर येते. दोन्हीकडे मुंबईहून थेट विमान आहे आणि घड्याळाचा फरक सारखाच, दीड तासाचा: दुबई मागे, थायलंड पुढे. मी दोन्हीकडे मुलांना घेऊन गेलो आहे, म्हणून मत आधीच सांगतो. पहिलीच वारी असेल आणि गटात बसून फेकणारे, म्हणजे बैठकीवर बसून गोळा, थाळी, भाला फेकणारे, जास्त असतील तर दुबई. रेसिंग चेअरवाले, म्हणजे शर्यतीच्या व्हीलचेअरवर धावणारे, जास्त असतील आणि एकदा बाहेर जाऊन आलेले असतील तर थायलंड.

बसून फेकणाऱ्यांचं सगळं गणित फ्रेमवर, म्हणजे ज्या बैठकीवर बसून ते फेकतात तिच्यावर. बैठकीची उंची उशीसकट ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि फ्रेम पट्ट्यांनी जमिनीला घट्ट आवळावी लागते. इथे आम्ही लोखंडी खुंट्या ठोकून भागवतो. जोर लावला की फ्रेम हलते, मग खेळाडू नकळत हात आखडता घेतो. दुबईत २०१९ ची जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. सुंदरसिंग गुर्जर आणि संदीप चौधरी यांनी भालाफेकीची सुवर्णपदकं तिथेच मिळवली. तिथे सराव करताना फ्रेम तसूभरही हलली नाही. त्या पहिल्या फेकीनंतर आमची एक मुलगी माझ्याकडे वळून बघतच राहिली, काही बोलली नाही. दुबईची आंतरराष्ट्रीय पॅरा स्पर्धाही बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते. शिबिर तिला जोडून घेतलं तर क्लासिफिकेशनची, म्हणजे दिव्यांगत्व तपासून खेळाडूचा गट ठरवून घेण्याची, संधीही साधता येते.

चेअरवाल्यांसाठी मात्र थायलंडसारखी शाळा जवळपास नाही. टी-५३ (हात चालतात, पण धडाचा आधार नाही अशा चेअरवाल्यांचा गट) मधल्या थायलंडच्या पोंगसाकोर्न पेयोने टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं आहे. तिथल्याच नाखोन रात्चसिमा शहरात २००८ साली आसियान पॅरा गेम्स, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांची दिव्यांगांची स्पर्धा, झाले. तिथल्या मुलांच्या शेजारच्या लेनमध्ये चेअर ढकलली की हातमोजा रिमवर, म्हणजे चाकाला लावलेल्या ढकलायच्या कडीवर, नेमका कुठे पडायला हवा, हे तोंडी सांगत बसावं लागत नाही.

हवा नीट विचारात घ्या. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा असेल तर त्याखाली घाम येत नाही आणि शरीर तापतच जातं. जानेवारीत दुबईचा दिवस साधारण २४ अंशांचा, सुखाचा. बँकॉकमध्ये त्याच महिन्यात पारा तिशी ओलांडतो आणि वर दमटपणा. अशा खेळाडूला थायलंडला न्यायचं तर सराव पहाटेच, आणि पाण्याचा फवारा व बर्फाचे टॉवेल ट्रॅकवर हवेतच. फिरण्याच्या बाबतीतही दुबई सोपी, मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट आहेत. बँकॉकच्या फुटपाथांवर चेअर अडते.

औषधांकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. नसांच्या दुखण्यावरचं प्रिगॅबालिन आणि ट्रॅमाडॉल अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत; आधी परवानगी काढा, चिठ्ठी सोबत ठेवा. शिवाय २०२४ पासून स्पर्धेदरम्यान ट्रॅमाडॉल डोपिंगमध्ये धरलं जातं. आणि आईने प्रेमाने बांधून दिलेला मसाला उघडून बघा: खसखस अमिरातीत बंद आहे. घरच्या मसाल्यात ती कुटलेली असेल तर डबा घरीच ठेवा.

जेवण हा तर शिबिराचाच भाग. मणक्याच्या दुखापतीनंतर शौचाची वेळ मेहनतीने बसवलेली असते. एका अनोळखी जेवणाने ती विस्कटली की दोन दिवसांचा सराव जातो. दुबईत डाळ-भात, पोळी कुठेही मिळते, म्हणून पहिल्या वारीला ती बरी. तिथलं हरीस, म्हणजे गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत शिजवलेलं, पोटाला हलकं वाटलं आणि मुलांना आवडलंही. रमजान सध्या हिवाळ्यात येतो, तेव्हा जेवणाच्या आणि सरावाच्या वेळा आधीच जुळवून घ्या.

थायलंडमध्ये शाकाहाऱ्यांची खरी परीक्षा. भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो, कच्च्या पपईच्या सोम तममध्ये सुकी कोळंबी असते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. आमच्या वारकरी घरातल्या मुलाला ते सापडलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. बाकीच्यांना मऊ भाताची पेज, खाओ तोम, सकाळी फार मानवली. सोम तम मात्र सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीच, आणि कच्चा खेकडा घातलेलं कधीच नाही.

कुठेही गेलात तरी पहिली अडचण घराजवळच येते. नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंत व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह कुठे आहे, ते आधी गाडीने जाऊन बघा. नाहीतर मुलं वाटेत पाणीच पीत नाहीत आणि पोचल्यावर लघवीचा संसर्ग डोकं वर काढतो. आम्ही आता थांबे आधीच ठरवतो, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली देतो, आणि पहिल्या दोन सकाळींसाठी नागलीची बिस्किटं नि निफाडचे मनुके सामानात बांधून घेतो.