मशीनच्या लोनबरोबर गळ्यात मारलेली पॉलिसी

ज्यांची आत्ता मोठ्या बँकेत बिझनेस लोनची फाईल लागलीय त्यांनी सह्या करायच्या आधी हे वाचा, आणि ज्यांचं लोन होऊन गेलंय त्यांनी आधी वाचा आणि मग लगेच नेट बँकिंग उघडून आपल्या खात्यावर किती मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानग्या, चालू आहेत ते बघा. माझे अडीच लाखाच्या वर पैसे यात अडकले होते, त्यातले बरेचसे परत मिळाले, काही अजून मिळायचेत.

माझं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून परत पाठवतो, जॉबवर्कचा धंदा. 2024 च्या दिवाळीनंतर काम वाढलं म्हणून एक नवीन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, घ्यायचं ठरवलं. डीलरला अ‍ॅडव्हान्स दिला, डिलिव्हरीची तारीख ठरली, आणि बाकीच्या 20 लाखांसाठी बँकेकडे गेलो. करंट अकाउंट बरीच वर्षं त्याच बँकेत, मोठी प्रायव्हेट बँक आहे, नाव लिहीत नाही कारण तक्रार अजून चालू आहे आणि हा प्रकार काही एकाच बँकेत चालत नाही.

रिलेशनशिप मॅनेजर, म्हणजे आरएम, पोरगा बोलायला एकदम गोड. स्वतः शॉपवर आला, मशीनं बघितली, चहा घेतला, सर सर करत सगळी कागदपत्रं घेऊन गेला, उद्यम सर्टिफिकेट, जीएसटी रिटर्न, तीन वर्षांचे बॅलन्स शीट, सगळं. सिबिल चांगला होता, सँक्शनचा मेल पण आला. मग पैसे काय येईनात. फोन केला की म्हणायचा, सर झालंय सगळं, फक्त क्रेडिट टीमकडून एक क्लिअरन्स बाकी आहे. डिलिव्हरीची तारीख त्याला माहीत होती कारण डीलरचं कोटेशन त्याच्याच फाईलमध्ये होतं, आणि तारीख अगदी तोंडावर आल्यावर तो म्हणाला की सर एक लोन प्रोटेक्शन, म्हणजे कर्जदार गेला तर कर्ज फेडणारा विमा, कंपल्सरी आहे आणि एक सिक्युरिटी डिपॉझिटसारखं सव्वा लाखाचं करावं लागतं, एकदाच भरायचं, पाच वर्षांनी लोन संपलं की व्याजासकट परत, एफडीच समजा, त्याशिवाय सिस्टीम पैसे सोडतच नाही.

मी म्हटलं साहेब सँक्शन लेटरमध्ये तर असं काही नाही. तर म्हणाला, सर ते इंटरनल असतंय.

आता धंदा करणाऱ्या माणसाला विचारा, मशीन ट्रकवर चढायच्या तयारीत आहे, फाउंड्रीवाल्याला पुढच्या महिन्याचा शब्द दिलाय, अशा वेळी तुमच्या हातात काय असतं? दुसऱ्या बँकेत गेलो तर परत पहिल्यापासून फाईल, परत महिना दीड महिना. हे त्यांना पक्कं माहीत असतं, आणि म्हणूनच हा विषय पहिल्या दिवशी कधीच काढत नाहीत, सँक्शन आणि डिस्बर्समेंट (प्रत्यक्ष पैसे सोडणं) यांच्या मधल्या फटीत काढतात. ही फट लक्षात ठेवा, सगळा खेळ तिथेच होतो.

सह्यांच्या दिवशी समोर कागदांचा गठ्ठा, प्रत्येक पानावर पेन्सिलने फुल्या मारलेल्या, इथे सर, इथे सर, आणि या शेवटच्या पानावर स्टॅम्पसकट. त्या गठ्ठ्यात ऑटो डेबिटचे दोन मँडेट होते. एक लोनच्या हप्त्याचं, ते लागतंच. दुसरं विमा कंपनीच्या नावाचं, दरवर्षीचं. दोन्ही फॉर्म सारखेच दिसतात, बँकेचं नाव, खाते नंबर, रक्कम, तारीख. त्यानंतर दोन दिवसांनी एक व्हेरिफिकेशन कॉल येईल सर, त्याला सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाईल परत जाते, असं पण त्यानेच सांगितलं. कॉल आला तेव्हा मी शॉप फ्लोअरवर होतो, कंप्रेसर चालू, बाई हिंदीत भराभर वाचून दाखवत होत्या, मी हां जी हां जी केलं. पैसे दुसऱ्या दिवशी डीलरच्या खात्यात.

वर्षभर हप्ते व्यवस्थित चालू होते. 2025 च्या डिसेंबरमध्ये पगाराच्या आदल्या दिवशी करंट अकाउंटमधून सव्वा लाख गेले. कामगारांचे पगार अडले, इन्सर्ट आणि कटर देणाऱ्या सप्लायरला दिलेला चेक बाउन्स झाला, त्याचे चार्जेस वेगळे, आणि त्या माणसापुढे माझी पत गेली ती वेगळीच. मेसेज वाचला तर रिन्युअल प्रीमियम. कसला रिन्युअल, एकदाच भरायचे होते ना?

ब्रँचला गेलो तर तो आरएम बदलून गेलेला. नवीन आरएमने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाला सर ही पॉलिसी विमा कंपनीची आहे, आमचा संबंध नाही. विमा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणाले पॉलिसी बँकेने सोर्स केलीय, बँकेला विचारा. पुढचे कितीतरी दिवस हेच. मोठ्या बँकेत एक गोष्ट मला फार लागते, तिथे कुणीच जबाबदार माणूस सापडत नाही. आमच्या पेठेतल्या सहकारी बँकेत निदान मॅनेजरच्या टेबलासमोर बसून भांडता येतं. इथे तिकीट नंबर मिळतो, आणि दोन दिवसांनी युवर रिक्वेस्ट इज क्लोज्ड असा मेसेज.

शेवटी आमच्या सीएंनी सांगितलं की तोंडी बोलणं बंद करा, लेखी कागद मागा. प्रपोजल फॉर्मची (विम्याच्या अर्जाची) कॉपी, बेनिफिट इलस्ट्रेशन म्हणजे किती भरायचं आणि किती मिळणार त्याचा तक्ता, कॉलचं रेकॉर्डिंग, लोनचं स्टेटमेंट अगदी पहिल्या एंट्रीपासून, आणि केएफएस, म्हणजे लोनचा सगळा खर्च लिहिलेला बँकेचा कागद. हे सगळं हातात आल्यावर जे दिसलं ते नीट सांगतो कारण तुमच्याकडेही हेच निघेल.

पॉलिसी बारा वर्षं प्रीमियम भरायची होती. सव्वा लाख गुणिले बारा म्हणजे 15 लाख. 20 लाखांचं लोन देताना माझ्या डोक्यावर 15 लाखांची बांधिलकी टाकली आणि तिला डिपॉझिट म्हटलं. प्रपोजल फॉर्मवर माझं शिक्षण ग्रॅज्युएट लिहिलेलं, मी आयटीआय टर्नर आहे. उत्पन्न माझ्या इन्कम टॅक्स रिटर्नच्या दुप्पट, आणि ते रिटर्न त्यांच्याच फाईलमध्ये लावलेलं होतं. ईमेल आयडी तर माझा नव्हताच, माझ्या आडनावापुढे काहीतरी आकडे घालून बनवलेला कुठला तरी आयडी. मोबाईल नंबर माझा, कारण कॉल यायला पाहिजे, पण ईमेल दुसरा, कारण पॉलिसीचे कागद माझ्यापर्यंत यायला नकोत. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात. कागदच नाही आले तर माणूस परत काय करणार? मला वाटतं हा ईमेल मुद्दामच तसा टाकलेला होता, घाईत चुकलेला स्पेलिंगचा प्रकार नव्हता तो.

दुसरी गोष्ट लोन स्टेटमेंटमध्ये सापडली. सँक्शन 20 लाख, डीलरला गेले 20 लाख, पण खात्यावर कर्ज 20 लाख 71 हजार. ते वरचे 71 हजार म्हणजे लोन प्रोटेक्शनचा एकरकमी प्रीमियम, जो माझ्याकडून रोख न घेता कर्जातच मिसळला. सव्वाअकरा टक्क्यांनी पाच वर्षांत त्या 71 हजारांचे 93 हजार भरायचे होते. हप्ता थोडा जास्त वाटला होता तेव्हा विचारलं पण होतं, तर व्याजदराच्या राउंडिंगमुळे आहे म्हणाला होता. दीड हजाराचं राउंडिंग!

आता नियमाचं सांगतो, हे मला सगळं नंतर वाचून कळलं आणि ब्रँचमधल्या एकानेही सांगितलं नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने छोट्या उद्योगांच्या टर्म लोनला सुद्धा की फॅक्ट स्टेटमेंट म्हणजे केएफएस सक्तीचं केलंय. त्यात व्याज, फी, विम्याचे पैसे, सगळं मिळून वर्षाला खरा खर्च किती टक्के पडतो ते लिहावं लागतं, तुम्हाला समजेल अशा भाषेत, आणि जो चार्ज केएफएसमध्ये नाही तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. माझ्या केएफएसमध्ये विम्याच्या ओळीत लागू नाही असं छापलेलं आहे. आणि 71 हजार घेतलेले आहेत. त्याच बँकेचे दोन कागद शेजारी ठेवले की बास.

आणि जीवन विमा कंपल्सरी हे तर साफ खोटं. 2015 पासून रिझर्व्ह बँकेचं लेखी सांगणं आहे की बँकेतून विमा घेणं पूर्ण ऐच्छिक आहे, कर्जाशी त्याचा संबंध जोडता येत नाही, ठराविक कंपनीचाच घ्या अशी सक्ती पण करता येत नाही. मशीन बँकेकडे हायपोथिकेट म्हणजे तारण असते तेव्हा मशीनचा आगीचा विमा मागतात, ते रास्त आहे, तो आपण हव्या त्या कंपनीचा काढून द्यावा. पण माझ्या जिवाचा बारा वर्षांचा सव्वा लाखाचा प्लॅन, त्याचा आणि व्हीएमसीचा काय संबंध? माझ्या लोनची फाईल चालू होती त्याच महिन्यात, नोव्हेंबर 2024 मध्ये, अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत बँकवाल्यांसमोर बोलल्या होत्या की चुकीचा विमा गळ्यात मारल्याने कर्ज घेणाऱ्याचा खर्च वाढतो. म्हणजे दिल्लीपर्यंत माहीत आहे. पण ब्रँचमध्ये टार्गेट असतंय, विमा विकला की बँकेला कमिशन मिळतंय, आणि टार्गेट पूर्ण करायला सगळ्यात सोपा माणूस कोण तर ज्याची फाईल अडकलीय तो.

तक्रारीचा रस्ता असा. आधी बँकेला लेखी, ब्रँचला पोच घेऊन आणि ईमेलने पण. विमा कंपनीला वेगळी लेखी तक्रार. 30 दिवस थांबायचं, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे, फी काही नाही, वकील लागत नाही, 14448 वर फोन करून माहिती पण मिळते. विमा कंपनीसाठी विमा लोकपाल वेगळा, आपल्या भागाचं ऑफिस पुण्यात आहे. उत्तर आलेलं नसताना दोन्हीकडे 30 दिवसांच्या आधी गेलात तर परत पाठवतात, म्हणून पहिल्या पत्राची तारीख आणि पोच जपून ठेवा. आणि दुसरं मँडेट त्याच दिवशी बंद करा, हप्त्याचं सोडून. ब्रँच म्हणेल हप्ता पण बंद होईल, होत नाही, दोन्ही वेगळी असतात.

विमा कंपनीचं पहिलं उत्तर आलं की फ्री लूकची मुदत संपली आणि कॉलवर तुम्ही संमती दिलीय, फार तर सरेंडर करा, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडा. सरेंडर केलं असतं तर हातात किरकोळ रक्कम आली असती आणि विषय तिथेच संपला असता, त्यामुळे त्या अर्जावर सही करू नका, कितीही फोन आले तरी. मी उत्तरात भावना वगैरे काही लिहिल्या नाहीत, फक्त एवढंच विचारलं की फॉर्मवरचा ईमेल कुणाचा आहे, पॉलिसी मला मिळाल्याचा पुरावा दाखवा, आणि आयटीआय सर्टिफिकेट व रिटर्न जोडलं. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. लोकपालाकडे तक्रार गेल्यावर मग अचानक फोन यायला लागले, आणि दोन्ही वर्षांचे प्रीमियम परत आले. व्याज नाही, बाउन्सचे चार्जेस नाहीत.

71 हजारांवर बँक अजून अडून बसलीय. उरलेल्या मुदतीचे तेवढे परत देतो म्हणतायत, मी म्हणतोय पूर्ण द्या आणि त्यावर लावलेलं व्याज पण द्या, कारण तुमच्याच केएफएसमध्ये हा चार्ज नाही. ती तक्रार लोकपालाकडे चालू आहे.

आमच्याच लाईनमधल्या एका शेड मालकाने मध्यंतरी कंप्रेसरसाठी लोन केलं, त्याला पण सँक्शननंतर हेच सांगितलं. त्याने आरएमला ईमेल केला, की जीवन विमा घेतल्याशिवाय लोन मिळणार नाही हे बँकेच्या मेलवरून मला लिहून द्या, आणि केएफएसची कॉपी पाठवा. लिहून कुणी दिलं नाही, पैसे मात्र त्याच आठवड्यात आले. मेल साधा मराठीत लिहिला होता, तुम्ही पण मराठीतच लिहा, फक्त बँकेच्या अधिकृत आयडीवर पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, आरएम बदलून गेला की ते चॅट त्याच्याच फोनबरोबर जातंय.