पाण्यापासून हायड्रोजन: मौल्यवान धातूंविना उत्प्रेरक कोणता निवडावा?

प्लॅटिनम आणि इरिडियम टाळायचे ठरवले की पहिला प्रश्न धातूचा वाटतो. प्रत्यक्षात तो द्रावणाचा असतो. आम्लधर्मी पटलाच्या विद्युतघटात ऑक्सिजन सुटतो त्या धनाग्रावर निकेल, कोबाल्ट आणि लोह विरघळत जातात. तेथे भरवसा इरिडियम ऑक्साइडचाच, आणि इरिडियमचे जगभरातील वार्षिक उत्पादन जेमतेम 7 ते 8 टन, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येणारे. म्हणून 20 ते 30 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे अल्कधर्मी द्रावण हाच मार्ग मी सुचवेन.

या द्रावणात धनाग्राची निवड फारशी अवघड नाही. निकेल-लोह हायड्रॉक्साइडला कोबाल्टची संयुगे सहसा मागे टाकत नाहीत, शिवाय कोबाल्ट महाग पडते. निकेल फोमचा, म्हणजे स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलचा, तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन निकेल आणि लोहाच्या नायट्रेटच्या द्रावणात ऋणाग्र म्हणून काही मिनिटे ठेवला, की त्याच्या जाळीवर पातळ थर बसतो. भट्टी लागत नाही. यातील लोहाचे महत्त्व विलक्षण आहे. बाजारातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अशुद्धी म्हणून असलेले अत्यल्प लोहही निकेलच्या थरात शिरते, आणि ते काळजीपूर्वक काढून टाकले की निकेलची कामगिरी ढासळते, हे 2014 मध्ये स्पष्टपणे दाखवले गेले. त्यामुळे शुद्ध निकेलच्या नावावर जमा झालेल्या अनेक जुन्या नोंदी पुन्हा तपासून पाहाव्यात.

हायड्रोजन सुटतो त्या ऋणाग्राचा निर्णय मात्र खरोखर विचार करायला लावणारा आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची सक्रियता त्याच्या थरांच्या कडांवर असते, सपाट पृष्ठभाग जवळजवळ निष्क्रिय राहतो, आणि त्याचा खरा उपयोग आम्लात होतो. निकेल फॉस्फाइडने 2013 मध्ये मोठी आशा निर्माण केली. आपल्या द्रावणात मात्र त्याचा पृष्ठभाग हळूहळू ऑक्सिडाइझ होऊ शकतो. सक्रियतेत निकेल-मॉलिब्डेनम मिश्रधातू सर्वांत पुढे आहे, परंतु वीज बंद होताच त्यातील मॉलिब्डेनम विरघळू लागते. रेनी निकेलमध्ये निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूतील ॲल्युमिनियम अल्कलीने काढून सच्छिद्र निकेल उरवतात. ते सक्रियतेत थोडे मागे असले तरी उद्योगात दीर्घकाळ वापरात आहे. अखंड वीज असेल तर मी निकेल-मॉलिब्डेनम घेईन. सौर विजेवर रोज संध्याकाळी थांबणाऱ्या संयंत्रासाठी रेनी निकेलकडे माझा कल राहील, जरी बंद होताना वाहणाऱ्या उलट प्रवाहाने त्याचेही नुकसान होते.

शोधनिबंधांतील आकडे वाचताना प्रवाहघनता आधी पाहावी. दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलीअँपिअर हा प्रयोगशाळेतील संकेत आहे. कारखान्यातील घट त्याच्या कित्येक पट प्रवाहावर चालतो आणि तेथे बुडबुडे पृष्ठभाग झाकू लागतात. आम्लातील चाचणीत समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असेल तर त्यातून विरघळलेले प्लॅटिनम आपल्या स्वस्त उत्प्रेरकावर येऊन बसते आणि श्रेय भलत्यालाच मिळते, म्हणून तेथे ग्राफाइट वापरलेले आहे की नाही हेही तपासावे.