मायएसक्यूएल 5.7: राहू द्यायचं, जागेवरच अपग्रेड करायचं की रेप्लिकावरून जायचं?

नीट चालणाऱ्या प्रॉडक्शन सर्व्हरला हात लावायला कोणीच धजावत नाही. पण मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 5.7 आवृत्तीचा सपोर्ट ऑक्टोबर 2023मध्ये संपला. नवी सुरक्षा-त्रुटी सापडली, तरी तिचा अधिकृत पॅच येणार नाही. डेटाबेस आतल्या नेटवर्कपुरता असेल आणि त्यावरचं अ‍ॅप्लिकेशन लवकरच बंद होणार असेल, तरच मी आहे तसं राहू देईन. लोकांची खाजगी माहिती त्यात असेल, तर मुळीच नाही.

जागेवर अपग्रेड करायला जादा मशीन लागत नाही, कामही थोडक्यात आटोपतं. अडचण परतीच्या वाटेची आहे. पुढच्या 8.0 आवृत्तीने डेटा डिरेक्टरी (डेटा साठवलेला फोल्डर) एकदा अपग्रेड केली, की 5.7 ती पुन्हा वापरू शकत नाही. मग उरतो फक्त बॅकअप, आणि त्यानंतरच्या नोंदींवर पाणी. डेटाबेस लहान असेल, काही तास बंद ठेवता येत असेल आणि बॅकअप खरोखर रिस्टोअर करून पाहिला असेल, तर हा मार्ग ठीक.

माझा कौल रेप्लिकाला, म्हणजे मूळ डेटाबेसमधले बदल सतत उतरवून घेणाऱ्या दुसऱ्या प्रतीला. दुसऱ्या मशीनवर बॅकअप उतरवायचा, तिथे 8.0 करायचं आणि चालू 5.7ला जोडायचं. आपल्या जड क्वेरी (डेटा मागवणाऱ्या आज्ञा) तिथे निवांत चालवून बघता येतात. मात्र 8.0वर नव्या नोंदी पडू लागल्या, की उलट दिशेच्या रेप्लिकेशनला सपोर्ट नाही. त्यामुळे मनसोक्त चाचणी करायची ती स्विच करण्याआधीच.

काय मोडतं? माय डॉट सीएनएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये क्वेरी कॅशची (क्वेरींचे निकाल साठवणाऱ्या, 8.0मधून काढलेल्या सोयीची) सेटिंग राहिली असेल, तर सर्व्हर सुरूच होत नाही. ‘रँक’ आता राखीव शब्द आहे, त्या नावाच्या कॉलमवरची क्वेरी अडते. हे लगेच तरी कळतं. मला धास्ती वाटते ती ‘ग्रुप बाय’ची, म्हणजे नोंदींचे गट पाडणाऱ्या क्वेरीची. 5.7 त्याचा निकाल न सांगता क्रमाने लावून द्यायचं, 8.0 तसं करत नाही. एरर येत नाही, आकडे बरोबर असतात, फक्त रिपोर्टमधला महिन्यांचा क्रम विस्कटतो. मायएसक्यूएल शेल या टूलमधला अपग्रेड चेकर जरूर चालवा, पण अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमधल्या क्वेरी त्याला दिसत नाहीत. त्या शोधून ‘ऑर्डर बाय’ (क्रम ठरवणारा भाग) तुम्हालाच घालावं लागेल.

आणि 8.0वर मुक्काम करू नका. त्याच्या सपोर्टची मुदतही एप्रिल 2026चीच. 5.7वरून थेट त्यापुढच्या 8.4 आवृत्तीवर जाता येत नाही, म्हणून 8.0चा टप्पा घेऊन 8.4 गाठायचं, असंच नियोजन करा.