लठ्ठ उंदरांना कमी खायला द्यायचं की खायची वेळ बांधायची?

लॅबमधल्या ज्युनिअरने विचारलं, हाय-फॅट डाएटवर लठ्ठ केलेल्या उंदरांचं वजन उतरवायला कॅलरी कापू का खायची वेळच बांधून देऊ?

मेहनत आधी बघ. कॅलरी कापायच्या तर प्रत्येक उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात, नाहीतर दांडगा उंदीर दुसऱ्याच्या वाट्याचं खातो, शिवाय रोजचं खाणं वजन करून द्यायचं. वेळ बांधली तर मोजमाप कमी, पण रात्री ८-९ तास ठेवलेलं खाणं वेळेवर काढायलाच लागतं, आणि त्या ६०% कॅलरी फॅटमधून येणाऱ्या गोळ्या इतक्या तेलकट नि मऊ असतात की चुरा भुशात पडतो, तो ते नंतर खात बसतात, म्हणून पिंजराच बदलायचा.

वजन भरवशाने उतरतं ते कॅलरी कापून. पण ३०% कापलं की उंदीर सगळं काही तासांत फस्त करतो आणि मग उपाशी, म्हणजे नकळत उपासाचाच प्रयोग होतो, हे फार जण विसरतात. उलट २०१२ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या सच्चिदानंद पांडांच्या गटाने दाखवलं की कधीही खाणाऱ्या उंदरांइतक्याच कॅलरी खाऊनही वेळ बांधलेले उंदीर कमी लठ्ठ झाले, आणि २०१४ मध्ये आधीच लठ्ठ असलेल्यांनाही फायदा दिसला.

वजन घटल्याचाच परिणाम बघायचा असेल तर कॅलरी काप. लिव्हर, इन्सुलिन, शरीराचं घड्याळ यावर काम असेल तर वेळ बांध, आणि खोलीचे लाईट उलटे ठेव, म्हणजे दिवसा अंधार नि रात्री उजेड; उंदीर अंधारात जागे असतात, त्यामुळे तुझी रात्रीची जागरणं वाचतील.